जपून ठेवलेला गुडघा

आमच्या घरात दोन गोष्टी जपून ठेवलेल्या होत्या. एक शाल, जी आमच्या कुणा पूर्वजाला तंजावरच्या दरबारातून मिळाली होती, आणि दुसरा अप्पांचा उजवा गुडघा. शाल कधी उलगडायची नाही, हात लागला तर विटेल, असा नियम होता. एका पोंगलला आईने पेटी आवरायला काढली तेव्हा कसरीने घडीघडीवर शालीचे तुकडे करून ठेवले होते. "तुकडे झाले तरी दरबारीच आहेत," अप्पा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. गुडघ्याच्या वेळी कुणाला हसू आलं नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. ते कीर्तनकार होते. कुंभकोणमला त्यांना भागवतर म्हणत, कारण तमिळ माणसाच्या तोंडात कीर्तनकार हा शब्द नीट बसत नाही. कथा ते तमिळमध्ये सांगत आणि मध्ये मध्ये साकी, दिंडी, ओवी मराठीत गात. समोर बसलेल्या शंभरांतल्या नव्वदांना मराठीचं एक अक्षर कळत नसे, आणि नेमके तेच जास्त माना डोलावत. घरात आम्ही मराठी बोलत असू. पुण्याहून एकदा एक पाहुणे आले होते. तुमची भाषा अगदी बखरीतली वाटते म्हणून त्यांनी आमचं फार कौतुक केलं, आणि पुढचे दोन दिवस ते आमच्याशी इंग्रजीत बोलले.

अप्पांचा एक नियम होता आणि तो त्यांच्या वडिलांपासून आलेला होता. बसून सांगतात ते पुराण, उभ्याने सांगतात ते कीर्तन. पुराणिक पोथी समोर ठेवतो, लोडाला टेकतो, घसा बसला तर दूध मागतो. कीर्तनकाराने चिपळ्या हातात घेतल्या, पायात चाळ बांधले, की आरतीपर्यंत खाली टेकायचं नाही. पुराणिकांविषयी अप्पांना आकस नव्हता. आपण सायकलवरून जाताना बैलगाडीतल्या माणसाविषयी जे वाटतं तेवढंच वाटे.

त्यांचं नाव झालं होतं ते वामनाच्या आख्यानाने. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, आणि मग तिसरं. तिसऱ्या पावलाला ते गाणं थांबवत, उजव्या पायावर उभे राहत आणि डावा पाय गुडघ्यात वाकवून हळूहळू वर उचलत. मृदंग बारीक होत होत थांबे. पाऊल हवेत असे आणि मांडवात कुणी खोकतसुद्धा नसे. मग ते पाऊल बळीच्या मस्तकावर यावं तसं खाली येई, आणि ते जमिनीला लागताच मृदंगावर थाप पडे. तिरुविडैमरुदूरहून, मरुदानल्लूरहून लोक गाडी करून येत ते या एका क्षणासाठी. मला देवाच्या पावलांविषयी शंका होत्या, अप्पांच्या पावलाविषयी नव्हती.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. याचा अर्थ प्राध्यापक बेडकाविषयी बोलत आणि मी बेडूक आणून देई. सकाळी आम्ही दोघं बाप-लेक कावेरीवर अंघोळीला चालत जात असू. अप्पा वाटेत संध्याकाळचं आख्यान मनात जुळवत आणि मध्येच मला विचारत, "बळी पाताळात गेला ते रागाने की खुशीने?" मी काहीतरी उलटं उत्तर देई. ते चिडत. नदी येईपर्यंत त्यांना त्या चिडण्यातूनच नवा मुद्दा सापडलेला असे, आणि संध्याकाळी मांडवात तो माझ्याच तोंडचा असे, फक्त त्यांच्या आवाजात. त्या वाटेवर आम्ही जितके जवळ होतो तितके घरात कधी नव्हतो. घरात ते माझे वडील असत.

गुडघ्याचं पहिल्यांदा कळलं ते आवाजाने. बसून उठताना आत वाळू भरडल्यासारखं व्हायचं. मृदंग वाजवणारे अप्पांचे जुने सोबती होते. दोघांनी मिळून अर्धा जिल्हा पालथा घातलेला होता. ते म्हणाले, "भागवतर, तुमचा गुडघा आदितालात आहे. मला रजा द्या."

"गुडघ्याला बिदागी कमी लागते," अप्पा म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात मात्र तो सुजला. सकाळी उठल्यावर पाय सरळ व्हायला वेळ लागे. घाटाच्या पायऱ्या उतरताना अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवू लागले. हात ठेवला तो लाड म्हणून, अशी दोघांचीही समजूत होती.

मग डॉक्टर. ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहत आणि मोटार बाळगून होते. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, कान लावून ऐकला आणि सांगितलं, "हा टायर आहे, भागवतर. टायर जेवढे मैल चालायचा तेवढेच चालतो. तुम्ही पुष्कळ चालवला. आता उरलेले मैल जपून वापरा. उगीच नदीवर कशाला घालवता? कीर्तनासाठी ठेवा." डॉक्टरांची मोटार महिन्यातून एकदा बाहेर निघे. बाकीचे दिवस ती शेडमध्ये उभी असे, आणि तिचे चारही टायर उभ्या उभ्या तडकले होते. हे गल्लीतल्या सगळ्यांना दिसत होतं. पण मोटारीकडे पाहून वैद्यकाविषयी शंका घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. तेव्हाची पुस्तकंही थोड्या जड शब्दांत तेच सांगत होती. झीज, विश्रांती, वय.

आईने ते वाक्य उचललं. "उरलेले मैल" हा शब्द आमच्या घरात रोजच्या वापराचा झाला. सकाळची नदी बंद झाली. विहिरीचं पाणी तापवून ती परसातच त्यांना अंघोळ घालू लागली. गच्चीवर जाणं बंद. बाजार बंद. कीर्तनाला जायचं तर दारात जटका, म्हणजे तिकडची घोडागाडी, येई आणि ते मांडवाशीच उतरत. बाकीचा दिवस ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर, उजवा पाय उशीवर. पानाचा डबा, पंचा, चष्मा, तांब्या, वर्तमानपत्र, सगळं आईने हाताच्या अंतरावर मांडून ठेवलेलं. झोपाळ्याला झोका द्यायलासुद्धा तिने कडीला दोरी बांधून दिली, म्हणजे त्यांना पायाने जमीन रेटायला नको.

"तुमच्या पायाला नैवेद्य दाखवू की आधी तुम्ही जेवता?" ती विचारी.

"पायाला दाखव. मला तो देतो ते पुरे," अप्पा म्हणत.

थट्टा होती, पण तिच्यात आईचं सगळं प्रेम होतं. आई बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती. हाताच्या अंतरावर वस्तू ठेवणं हीच तिची भाषा होती.

आणि तेल. कुंभकोणमच्या पूर्वेला तिरुनीलक्कुडीला शंकराचं देऊळ आहे. तिथल्या पिंडीवर तिळाचं तेल घालतात आणि कितीही घातलं तरी दगड ते पिऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी पिंडी कोरडी. दगडाच्या सच्छिद्रतेविषयी माझी काही मतं होती, ती मी घरात सांगितली नाहीत. आई शेजारणीला घेऊन बसने गेली आणि तिथलं तेल घेऊन आली. तिचा हिशेब सरळ होता. दगड पितो तर हाड का नाही पिणार? रोज तिन्हीसांजेला ती ओसरीवर बसून तेल जिरवायची. गुडघ्यावरच्या कातडीचं कल्याण झालं. आत काय चाललंय ते कातडीला माहीत नव्हतं.

आत काय चाललंय ते मला पाहायचं होतं. यात पितृभक्ती किती आणि कुतूहल किती हे मी आता सांगू शकणार नाही. मी कॉलेजातल्या गड्याकडून खाटकाकडचा शेळीचा गुडघा मागवला, हाडाचा चुना आम्लात विरघळवला, मेणात बसवून त्याचे पातळ काप काढले आणि निळ्या रंगात बुडवले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात माझा एक वर्गमित्र होता. त्याने कुणा अनाम म्हाताऱ्याच्या गुडघ्याची एक काचपट्टी मला कापसात गुंडाळून पाठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कॉलेजचा जुना सूक्ष्मदर्शक घरी आणला.

"घरात शेळी नको," आई म्हणाली.

"शेळी नाही, आई. शेळीच्या हाडाचा कापलेला पापुद्रा आहे."

"मग आणखीच नको."

शेवटी सूक्ष्मदर्शक ओसरीवर राहील, उंबरठा ओलांडणार नाही, यावर तडजोड झाली. अप्पांनी पंचा डोक्याला बांधला, एक डोळा मिटला आणि देवदर्शनाला वाकावं तसे वाकले.

हाडाच्या टोकावर एक गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं. त्या निळ्या रंगात शेळीची कूर्चा मात्र सुरेख जांभळी झालेली होती. वरची कड सरळ, आणि आत एकेक पेशी आपापल्या कोनाड्यात शांत बसलेली. "आपल्या अग्रहाराच्या गल्लीसारखं आहे," अप्पा म्हणाले. "घरं आहेत, माणसं आहेत, रस्त्यावर कुणी नाही."

मग मी म्हाताऱ्याची काचपट्टी लावली. तिथे कड सरळ नव्हती. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजावा तशी ती पिंजलेली होती आणि काही भेगा खोल गेल्या होत्या. जांभळा रंग वरच्या बाजूला उडून फिकट झाला होता, कारण तो रंग ज्याला धरतो तो चिकट पदार्थच तिथून निघून गेलेला होता. मी पुस्तकात वाचलेलं त्यांना सांगत गेलो. सुरुवातीला कूर्चा सुकत नाही, उलट पाणी धरून फुगते. तिच्या आतली तंतूंची जाळी सैल पडते, पाणी जास्त शिरतं, आणि जास्त पाण्याची कूर्चा मऊ होते, भार पेलेनाशी होते. मग वरून पिंजत जाते. शेवटी काही ठिकाणी ती संपते आणि हाड हाडावर घासून हस्तिदंतासारखं चकचकीत होतं.

"आणि ही गर्दी कसली?" अप्पांनी विचारलं.

भेगांच्या काठाला पेशींचे घोळके जमले होते. एका कोनाड्यात एक राहायची तिथे दहा-दहा. "झीज फार झाली की त्या वाढतात आणि एकत्र येतात," मी म्हणालो. "दुरुस्तीसाठी."

"होते का दुरुस्ती?"

"नाही."

"म्हणजे कीर्तनसभेची कमिटी," अप्पा म्हणाले. ते बराच वेळ त्या काचेकडे पाहत राहिले. मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "याच्यात रक्ताची शीर कुठे आहे?"

"नाही. कूर्चेत रक्त नसतं. मज्जातंतूही नसतो. म्हणून झिजताना ती स्वतः तक्रार करत नाही. दुखतं ते शेजाऱ्यांचं, हाडाचं आणि सांध्याच्या पिशवीचं."

"रक्त नाही? मग ती जेवते कशी?"

"सांध्यात रस असतो. त्यातून झिरपतं."

"आपोआप? कुणी ढकलल्याशिवाय?"

"पुस्तकात झिरपतं एवढंच आहे, अप्पा."

ते मागे सरले आणि पंचा सोडून तोंड पुसलं. "म्हणजे तुझं पुस्तक आणि तुझ्या आईचं तिरुनीलक्कुडी एकच सांगतात की. ओतायचं आणि वाट बघायची."

मी हसलो. प्रश्न चांगला होता हे माझ्या लक्षात आलं होतं. एखाद्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते कुणाकडे असेल असं मला ठाऊक नव्हतं. सुट्टी संपल्यावर सूक्ष्मदर्शक कॉलेजात परत गेला.

दरम्यान अप्पांची मांडी बारीक झाली. पुराणातल्या राजाची असते तशी त्यांची मांडी होती. ती आता धोतराखालून वेळूसारखी दिसायची. गुडघा मात्र मोठा दिसू लागला, कारण कूर्चा झिजली की हाड कडेकडेने वाढतं. मध्ये गरज आहे तिथे काही नाही आणि कडेला कमानी. त्या वर्षी कीर्तनं कमी होत गेली. उभं राहणं जमे, पण दर कीर्तनानंतर दोन-तीन दिवस पाय उशीवरून हलत नसे. मग पुढच्या वेळेसाठी आणखी जपणूक होई.

अशातच गावात कीर्तनं भरवणाऱ्या सभेचे सेक्रेटरी आले. ते वकील होते, जरीकाठी अंगवस्त्र वापरत आणि बोलताना ते दर वाक्याला सावरत, त्यामुळे वाक्य महत्त्वाचं वाटे. रामनवमीच्या उत्सवात अप्पांचा सत्कार करायचा आणि त्याच दिवशी त्यांचं वामनाचं कीर्तन ठेवायचं, असं ठरलं होतं. "भागवतर, तुम्हाला उभं राहायचे कष्ट नकोत," ते म्हणाले. "आम्ही सिंहासन करवून घेतोय. सागवानी. वर छत्र. हाताला सिंहाची तोंडं. तुम्ही त्यावर बसून सांगा. लोकांना दर्शन होईल."

"दर्शनाला देऊळ आहे," अप्पा म्हणाले. "कीर्तन उभ्याने होतं."

"वय झालं की नियम शिथिल होतात."

"वय माझं झालंय. नियमाचं नाही."

सेक्रेटरींनी अंगवस्त्र सावरलं. शेवटी ठरलं ते असं, की अप्पा उभ्याने कीर्तन करतील, तिसरं पाऊल उचलतील, आरती होईल, आणि मग सत्कारापुरते सिंहासनावर बसतील. ते गेल्यावर अप्पा आईला म्हणाले, "एवढं एक पाऊल पाहिजे मज. त्याच्या पुढे तू म्हणशील तसं."

त्यांना काय हवं होतं ते मला त्या वेळी पुरतं कळलं. त्यांच्या वडिलांनी अखेरचं कीर्तन उभ्याने केलं होतं. अप्पांना ते अखेरचं करायचं नव्हतं. आपण अजून कीर्तनकार आहोत एवढं स्वतःला दाखवायचं होतं. त्यासाठी एका पायावर, एका पावलापुरतं, उभं राहायचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, "मग तोवर पूर्ण विश्रांती. जमिनीला पाय लावायचा नाही." आणि आईने तो लावू दिला नाही. मधली कीर्तनं अप्पांनी दुसऱ्यांना दिली. ओसरीवरची वस्तूसुद्धा आता हाताच्या अंतरावर न राहता थेट हातात येऊ लागली. झोपाळ्याची दोरीही ओढायची नाही, आईच झोका देई. गुडघ्यावर तेल, तेलावर एरंडाची पानं, पानांवर उबदार फडकं. मी कॉलेजातून येताना त्यांच्यासाठी विड्याची पानं आणत असे आणि वाटे, सगळं कसं व्यवस्थित चाललं आहे. गुडघा दुखेनासा झाला होता. साहजिकच होतं, त्याला काही कामच नव्हतं.

उत्सवाच्या दिवशी मांडव दाराबाहेरपर्यंत भरला. सिंहासन व्यासपीठाच्या मध्यभागी होतं आणि अप्पांना उभं राहायला त्याच्या कडेला जागा ठेवलेली होती. दिवे सगळे सिंहाच्या तोंडांवर. सेक्रेटरींनी प्रास्ताविक केलं, ज्यात अप्पांचं नाव दोनदा आणि सागवानाचं तीनदा आलं. मग चाळ वाजले.

पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा तत्त्वाचा अर्धा भाग, उत्तम झाला. आवाज मोकळा होता. इतक्या दिवसांचं न बोललेलं साठलेलं होतं. दानाचा अहंकार या विषयावर ते बोलले, आणि सिंहासनाकडे न पाहता बोलले, तरी लोक तिकडे पाहून हसले. उत्तररंगाला वामन आला, बटू आला, भिक्षा मागितली. पहिलं पाऊल. दुसरं पाऊल. त्या वेळी मी पुढच्या रांगेत होतो आणि त्यांची उजवी पोटरी थरथरताना मला दिसत होती.

तिसऱ्या पावलाला त्यांनी गाणं थांबवलं. डावा पाय जमिनीवरून सुटला, वीतभर वर आला, आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला. ते पडले नाहीत. पाय पुन्हा खाली टेकला. मृदंगवाल्यांनी थाप मारली नाही. त्यांनी तोच बारीक ठेका पुन्हा पहिल्यापासून धरला, जणू आख्यानात तसंच होतं. अप्पांनी पुन्हा उचलला. पुन्हा टेकला. मृदंगवाले तिसऱ्यांदा फिरून आले. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि ते अप्पांच्या पायाकडे पाहत होते, स्वतःच्या हाताकडे नाही.

अप्पांनी त्यांना हाताने थांबवलं. चिपळ्या खाली ठेवल्या. सेक्रेटरी लगबगीने सिंहासनाकडे बोट दाखवत उठले. अप्पा त्याच्याजवळून गेले आणि व्यासपीठाच्या फळीवर, मृदंगवाल्यांच्या शेजारी, पाय सोडून बसले. चाळ सोडायला वाकले, ते जमेना. मृदंगवाल्यांनीच ते सोडले.

"इथपर्यंत कीर्तन झालं," अप्पा तमिळमध्ये म्हणाले. "आता पुराण आहे. ज्यांना कीर्तन ऐकायचं होतं त्यांनी उठावं, मी रागावणार नाही."

कुणी उठलं नाही. त्यांनी मग तिसरं पाऊल खालून सांगितलं, बळीच्या जागेवरून. डोक्यावर पाऊल येताना दिसतं कसं, आधी तळवा, मग सगळं आकाश झाकलं जातं, आणि ज्याला आपण द्यायला निघालो तो आपल्यापेक्षा किती मोठा होता हे किती उशिरा कळतं. आवाज चढवला नाही. मांडवात बायका डोळे पुसत होत्या. मी आजवर ऐकलेलं ते त्यांचं सगळ्यात चांगलं आख्यान होतं, आणि सगळे तेच म्हणाले. लोकांना ते आवडलं, हेच अप्पांना लागलं.

"बसून चांगलं होतं तर मी उभा कसाला होतो इतकी वर्षं?" जटक्यात ते म्हणाले. आईने त्यांच्या गुडघ्यावर सत्काराची शाल टाकली.

त्यानंतर त्यांनी कीर्तन केलं नाही. पुराण सांगायची बोलावणी आली, तीही घेतली नाहीत. सिंहासन सभेने मोठ्या मनाने आमच्या घरी पाठवलं. ते दारातून आत जाईना म्हणून छत्र काढलं. पुढची पुष्कळ वर्षं आई त्याच्यावर तांदळाचे वडाम, म्हणजे कुरड्यांसारखं वाळवण, वाळवत होती. सिंहाच्या तोंडांमुळे कावळे येत नाहीत असं तिचं म्हणणं होतं. अप्पा झोपाळ्यावर असत. मी सकाळी नदीवर एकटा जात असे. बळी रागाने गेला की खुशीने, हे मला कुणी विचारत नव्हतं. ओसरीवर आम्ही बोलत असू, पण ओसरीवर बोलणं निराळं. तिथे एक जण बसलेला असतो आणि दुसरा उभा.

अप्पा गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कॉलेजच्या वाचनालयात आलेल्या एका परदेशी मासिकातला लेख मी घरी वाचत बसलो होतो. ओसरीवरच. लेख कूर्चेच्या पोषणाविषयी होता. तिच्यात रक्त नाही हे खरं. ती रसातून जेवते हेही खरं. पण नुसत्या रसात बुडून पुरेसं मिळत नाही. भार पडला की ती दबते आणि आतलं पाणी बाहेर येतं. भार उठला की ती नवं पाणी आत ओढते. पाऊल टाकलं, उचललं, टाकलं, उचललं. प्रयोगात ज्या प्राण्यांचा पाय बांधून ठेवला होता त्यांची कूर्चा मऊ आणि पातळ झाली होती, आणि मांडीचे स्नायू गेल्यामुळे पुढे जो भार आला तो सगळा तिच्यावर आला. कुणी ढकलल्याशिवाय नाही, अप्पा. तुमचा प्रश्न बरोबर होता.

ते रोज नदीवर गेले असते तर आजार बरा झाला असता, असं नाही. पिंजलेली कड पुन्हा सरळ होत नाही. पण कदाचित तो गुडघा त्या संध्याकाळी वीतभराऐवजी हातभर टिकला असता. यात कुणाची चूक दाखवता येत नाही. डॉक्टरांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं, आईला जेवढं करता येत होतं त्याहून जास्त तिने केलं. चूक असती तर तिला धरून पश्चात्ताप तरी नीट करता आला असता.

आई सिंहासनापाशी बसून वडाम उलटत होती. तिला आता कमी दिसत होतं, हाताने चाचपून ती कुठला वाळला ते ओळखायची. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती एक गोष्ट सांगत असे, आणि ती सांगताना तिचा आवाज तरुण होई. "शेवटपर्यंत मी त्यांचा पाय जमिनीला लागू दिला नाही."

"इतका वेळ काय वाचतोस?" तिने विचारलं.

"शेळीच्या गुडघ्याविषयी आहे."

"अजून तेच? काय झालं शेळीला?"

मी मासिक मिटलं. "काही नाही, आई. शेळी बरी आहे. चालते."

"चालू दे," आई म्हणाली, आणि हाताला लागलेला ओला वडाम तिने पुन्हा उन्हात सरकवला.